मेदेरची जर्मनी

बिश्केक, २ मे २००८

चि. मेदेर यास अनेक आशीर्वाद.

अरे गाढवा, जर्मनीत पीएच.डी.ची जागा मिळाली, वर पूर्ण शिष्यवृत्ती, आणि ही बातमी मला परक्याकडून कळावी? धरणं भूकंपात कशी टिकतील याचा ध्यास घेऊन तू किती प्राध्यापकांना लिहिलंस, किती नकार पचवलेस, ते मी पाहिलंय. मग आता अडलं कुठे? घर धाकट्या मुलाचं आणि बापही त्यानंच सांभाळायचा, ही रीत मलाही ठाऊक आहे. पण बाप आहेत ते आपले, अतांना विचारून तर बघ! माझे दिवस भरत आलेत, नाहीतर स्वतः येऊन त्यांच्याशी भांडले असते.

होणाऱ्या भाच्यावर आणि त्याच्या आईवर माया असू दे.

तुझी थोरली बहीण, तुझी एजे,
गुलसाना

अत-बाशी, ९ मे

ती. एजेस सलाम, वि. वि.

विचारलं. अंथरुणावरूनच अतांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हणाले, खुशाल जा, धुराड्यातून धूर दिसला नाही की गाव समजेल म्हातारा मेला. मग मी नकार कळवून टाकला. प्राध्यापकांचं उत्तरही आलं, ती जागा दुसऱ्याला दिली. रागावू नकोस गं. फार रडू आलं, ते गोठ्यात उरकलं. अतांना यातलं काही सांगितलेलं नाही.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा मेदेर

बिश्केक, १५ मे

चि. मेदेर यास आशीर्वाद.

मेल्या, मला एका शब्दानं विचारायचंस तरी! तुझं पत्र हाती पडायच्या आदल्या दिवशीच मी टॅक्सीवाल्याबरोबर अतांना पत्र धाडलं. पोराचं आयुष्य असं अडवू नका, म्हणून नको नको ते लिहिलंय. गल्लीतल्या काकूंनी ते वाचून दाखवायच्या आत काढून घे रे. आता उगाच त्यांच्या जिवाला घोर.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
गुलसाना

अत-बाशी, ४ जून

एजे,

तुझ्या सासरच्या वडीलधाऱ्यांनी तुला समोर बसवून सांगितलं असेलच, म्हणून आता लिहितोय. अता गेले.

तुझं पत्र काकूंनी आधीच वाचून दाखवलं होतं. अता दिवसभर रडले. दुसऱ्या दिवशी बोकड कापायला लावला, गावातले म्हातारे बोलावले आणि सगळ्यांसमोर तळवे उघडून मला प्रवासाचा आशीर्वाद दिला. म्हणाले, वाट मोकळी होवो, माझ्यामुळे अडलास, मनात ठेवू नकोस. सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवून ओमीन म्हटलं. जागा गेली, हे कुठल्या तोंडानं सांगणार? मीही ओमीन म्हटलं.

मग रोज एकच. अजून इथेच का, मी मरायची वाट बघतोस का, असं विचारायचे. शेवटी बॅग भरली, त्यांच्या हातांचा मुका घेतला आणि निघालो. गेलो तो गल्लीच्या टोकाला, काकूंच्या घरी. काकू अतांपाशी राहिल्या. पोरगा पोचला, तिकडे थंडी आहे, जेवण अळणी आहे, असं त्या रोज काही तरी सांगायच्या. अता खूश व्हायचे म्हणे, त्याला पोटभर जेवायला सांगा म्हणायचे. मी खिडकीतून आपल्या घराचा धूर बघत बसायचो.

ज्यांच्यासाठी राहिलो, त्यांच्या तोंडात शेवटचं पाणीही काकूंनीच घातलं गं.

नंतर रीतीप्रमाणे काठीवर वाकून अतांना ठेवलेल्या तंबूच्या दाराशी मोठ्यानं रडत उभा राहिलो. येणारा प्रत्येक म्हातारा पाठीवर हात ठेवून म्हणत होता, शाब्बास पोरा, इतक्या लांबून वेळेवर पोचलास.

आता मायेचं माणूस तूच उरलीस, मला अंतर देऊ नकोस.

तुझा मेदेर