दुप्पट, दहा टक्के सूट, वर बत्तीस

२४ एप्रिल
वन्स अमेरिकेहून कायमच्या नागपूरला आल्या आणि त्यांचा छोटा ओव्हन आमच्याकडे आला. सोबत इकडची वीज त्याला चालेल अशी करून देणारा जड डबा. आज पहिला केक. कृतीत १८० लिहिलेलं, मी काटा १८० वर ठेवला. तासाभराने उघडलं तर पीठ जसंच्या तसं, फक्त तापलेलं. वन्स समोरच बसलेल्या. हे म्हणाले, "दहावीत गणितात नापास, आता केकमधेही!" सगळे हसले. मीही हसले, पण लागलं. लग्नापासूनचा विनोद आहे, अजून शिळा होत नाही.
रुजुता नंतर स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, बस ना वं जुलैच्या परीक्षेले. एकच तं विषय राह्यला तुझा." पोरगी कधीची मागे लागली आहे. म्हटलं, बघू. माझं बघू म्हणजे नाही, हे तिला माहीत आहे.

२५ एप्रिल
गुन्हेगार सापडला. रुजुताने काट्याखालचं बारीक अक्षर वाचलं. ओव्हन फॅरेनहाइटवाला, कृती सेल्सिअसची. म्हणजे काल मी केकला नुसतं शेकत होते.
हे: "फोनले विचार. दोन सेकंदाचं काम."
नाही विचारणार. फोन आकडा सांगेल, तो आला कसा ते सांगणार नाही.

२८ एप्रिल
डोकं चालवलं. आपल्याकडे ऊन सेल्सिअसमध्ये, ताप फॅरेनहाइटमध्ये. थर्मामीटरच्या खोक्यातल्या कागदावर दोन्ही आकडे निघाले: ४० म्हणजे १०४. (म्हणजे चाळीस अंशाच्या दिवशी अख्ख्या नागपूरला एकशेचार ताप!) फरक चौसष्टचा. १८० आणि ६४, झाले २४४. केवढ्या ऐटीत काटा लावला.
केक पांढराफटक, मधे गिळगिळीत. यांनी चमच्याने खाल्ला. "शिरा चांगला झाला."
ओट्याकडे तोंड करून रडले थोडी. केकसाठी नाही.

१ मे
यांना कंपनीची सुट्टी. मी कूलरसमोर कागद घेऊन बसले. शाळेतलं आठवलं. बर्फ ० आणि ३२. उकळतं पाणी १०० आणि २१२. फरक एकीकडे बत्तीस, दुसरीकडे एकशेबारा! म्हणजे फरक वाढत जातो, आणि मी तापाचा चौसष्ट उचलून ओव्हनला चिकटवला होता. वेडी.
इकडे शंभर चढले की तिकडे एकशेऐंशी. एकशेऐंशी... दोनशेवर दहा टक्के सूट! बर्डीच्या बाजारात साड्या घेताना हा हिशेब मी उभ्या उभ्या करते की!
दुप्पट करायचं, दहा टक्के सूट काढायची, वर बत्तीस. आपला अंगचा ताप ३७. चौऱ्याहत्तर, त्यातून सात पूर्णांक चार गेले, ६६.६, आणि बत्तीस... ९८.६!! ओरडलेच मी. हे झोपेतून धडपडत आले. "का झालं वं?"
"गणित झालं," म्हटलं.

२ मे
३६०. वजा ३६. अधिक ३२. तीनशे छप्पन. काटा साडेतीनशेच्या किंचित पुढे.
केक!! फुगला, वरून तांबूस, सुरी घातली तर कोरडी निघाली. वन्सना फोन करून बोलावलं. त्यांनी दोन तुकडे खाल्ले. "सुषमे, मी तिकडे इतकी वर्षं आकडे पाठच करत राह्यली. मले काहून नाही सुचलं वं हे?"
यांनी लगेच परीक्षा घेतली. "आजचे सेहेचाळीस सांग." ते फोन उघडेपर्यंत माझं उत्तर तयार. एकशेचौदा पूर्णांक आठ. फोन पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "बरोबर हाये." मग ताटली पुढे केली. नापासचा विनोद आज नाही झाला. मी इतकी खूश आहे की स्वतःचीच लाज वाटते.

५ मे
आज उलटं करून पाहिलं. २१२ मधून बत्तीस गेले, १८०. निम्मे ९०. दहा टक्के परत चढवले, ९९. शंभर यायला हवेत! पुन्हा केलं, पुन्हा ९९. एक अंश गेला कुठे?
हे म्हणाले, "फोनले..." आणि स्वतःच थांबले. चष्मा लावून शेजारी बसले. दोघांनी चहा गार केला, पण सुटलं नाही.
मग रुजुताला म्हटलं, भर तो फॉर्म. विषय गणित. "नक्की ना?" तिने दोनदा विचारलं. नक्की. तिने बटण दाबलं.
जुलैत पास होते की पुन्हा लटकते, देव जाणे. सध्या मला तो एक अंश हवा आहे.