परत केलेला डबा

फिनिक्स, ७ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. शुक्रवारी तू चर्चमध्ये विक्रीच्या पिरोगींत बटाट्याचं सारण भरायला गेली होतीस, तेवढ्यात तुझं केबलचं लचांड कायमचं काढून टाकलं. दोनशे चॅनेल, बघतेस दोन. आता टीव्ही इंटरनेटवर चालेल. हवं ते, हवं तेव्हा. लाल बटण दाबायचं, झालं. टीव्ही चावत नाही.

लोभ आहेच, या वेळी थोडं कौतुकही असावं.
तुझा लेनी

हेझलटन, १२ मार्च

चि. लेनीस,
अ. उ. आ.

बटण दाबलं. टीव्हीनं आधी पासवर्ड मागितला, मग विचारलं, कोण बघतंय? बाबा गेल्यापासून या घरात मी एकटीच आहे, हे त्याला कुणी सांगितलं नाही वाटतं. शेजारची हेलन म्हणते, लेक गुणाचा आहे. मी म्हटलं, आहे खरा, न विचारता कामं करतो.

टीव्हीखालचा काळा डबा कुठं ठेवलास? तळघर, गॅरेज, सगळं पालथं घातलं. गुडघ्यांची पार वाट लागली. बाकीचं राहू दे, डब्याचं कळव.

आशीर्वाद आहेत. डबा सापडला की आणखी देईन.
आई

फिनिक्स, १८ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

डबा कंपनीचा होता गं. विमानतळावर जाताना त्यांच्या ऑफिसात परत केला. आज विचारलं, तर परत आलेल्या डब्यातलं रेकॉर्डिंग ते लगेच पुसून टाकतात म्हणे. त्यात असं काय होतं? गावच्या चॅनेलवरचा पोल्का नाचगाण्याचा कार्यक्रमच ना? ते चॅनेल तर गेल्या वर्षीच बंद पडलं. अ‍ॅकॉर्डियन काय, नव्या टीव्हीवर ढिगानं मिळेल. जुनं किती कवटाळून बसशील?

राग नसावा.
लेनी

हेझलटन, २४ मार्च

चि. लेनीस,
अ. उ. आ.

त्यात तुझे बाबा होते. जायच्या तीन आठवडे आधी, नाकात नळी घालून, त्या कार्यक्रमात अ‍ॅकॉर्डियन वाजवायला गेले. वाजवण्याआधी कुणाच्या तरी नावानं दोन शब्द बोलायची आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. दर वेळी माझं नाव घ्यायचे. त्या दिवशी तुझं घेतलं. आठ वर्षं तू त्यांच्याशी बोलला नव्हतास. ते कॅमेऱ्याकडे बघून तुझ्याशी बोलले.

तीन थँक्सगिव्हिंगना तुला म्हटलं, लेनी, जरा माझ्याजवळ बस, एक दाखवायचंय. मोबाइलमधून मान वर न करता तू म्हणालास, नंतर बघू. काय आहे ते सांगितलं असतं तर बसला असतास, मला माहीत आहे. मला तू आपणहून बसायला हवा होतास.

आई

फिनिक्स, ३० मार्च

ती. आईस,

तुझं पत्र चारदा वाचलं. चॅनेलवाल्या माणसाला शोधून काढलं, त्यानं टेपा कचऱ्यात टाकल्यात. हेलनला फोन केला, तिला काही आठवत नाही. बाबा काय म्हणाले? मला माफ केलं का? शिव्या घातल्या असतील तर त्याही लिही. एक ओळ पुरे. तुझ्या पाया पडतो.

लेनी

हेझलटन, ५ एप्रिल

चि. लेनीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. गुडघे आता बरे आहेत. यंदा पिरोगी हातोहात खपले.

बाबांचे शब्द मला तोंडपाठ आहेत. दर रविवारी मी डबा लावून ऐकत होते. एका पोस्टकार्डात मावतील एवढेच आहेत. मी फक्त एक्क्याऐंशीची आहे, घाई कसली?

नंतर बघू.
आई