तळ्याकाठचं गवत

आबा, इथं कराचीच्या गोदीत मी लोकरीचे गठ्ठे विलायतेच्या जहाजावर चढवतो. अंगाला तोच वास येतो, म्हणून तुम्ही रोजच आठवता. आज मात्र आपली मेंढरं झिजत होती ते साल आठवलं. कशानं झिजतात ते कुणालाच कळत नव्हतं.

चरायची बरी, पण अंगावर मांस धरत नव्हती. लोकर ओढली की मुठीत यायची, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची, आणि एक दिवस मेंढरू बसलं ते उठायचंच नाही. चुलता वारल्यावर चुलती आपल्या वाड्यावर राहायला आली आणि त्याच पावसाळ्यानंतर हे सुरू झालं. म्हणून सगळे तिच्याकडं बोट दाखवायला लागले. तिची नजर बाधते म्हणे. तुम्हीसुद्धा म्हणालात, "वहिनी, अमावस्येच्या आत मोहोळला भावाकडं जावा." ती गाठोडं बांधायला लागली.

त्याच आठवड्यात सरकारी जनावरांचा डॉक्टर आला. मेलेलं चालणार नाही, जिवंत एक कापून बघावं लागेल, म्हणाला. आई कडाडली, "हितं मरत्यात ती थोडी हायत व्हय?" तरी तुम्ही उठलात आणि झिजलेली पण अजून चालती मेंढी धरून आणलीत. डॉक्टरनं कलेजी चिरली. आत भोपळ्याच्या बियांसारखे चपटे किडे वळवळत होते.

"पाणथळीत चारता काय? तिथल्या गोगलगाईंतून हे गवतावर येतात," तो म्हणाला.

सगळं रान वाळलेलं असताना कुंभारीकडच्या तळ्याकाठचं हिरवं गवत हुडकणारे तुम्हीच, आणि त्याची बढाई मारणारेही तुम्हीच. धोतराला हात पुसत तुम्ही चुलतीपुढं गेलात.

"वहिनी, गाठोडं सोडा. किडा म्या चारला."

तिनं गाठोड्याची गाठ सोडली. मग म्हणाली, "मग भावजी, आता मीठमिरच्या तुमच्यावरनं उतरू का मेंढरांवरनं?" आधी आई हसली, मग तुम्ही. दुसऱ्या दिवसापासनं आपण कळप खडकाळ माळावर नेला. निम्मी तरी वाचली.

तुम्ही वारल्यावर मी पुण्यात राहिलो, मग मुंबईत, आता इथं. जाईन तिथं कुणीतरी वाईट निघतं आणि मी तिथून उठतो. परवाच आईला कळवलं, हितला मुकादम लई छळतो, दुसरीकडं बघतो म्हणून. हा कागद टाकायला पत्ता नाही, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही. मुकादम माणूस चांगला आहे, पाय माझाच टिकत नाही.