पहिला घाणा शेठकडे

इम्मानुएल भाऊ,

नाताळच्या करंज्यांचा पहिला घाणा तू डाळमिलच्या शेठकडे पोचवलास, असं वहिनी म्हणाली. आबा असेपर्यंत तो घाणा ज्या घराशी आपला अबोला असेल तिथे जायचा. आबा स्वतः घेऊन जायचे, माफी मागायचे, आणि मगच आपल्याला करंजी मिळायची. शेठशी तुझा अबोला कधी होता रे?

अबोला आहे तो अक्काशी. तिने भिल्ल मास्तराशी लग्न केलं म्हणून तीन वर्षं या घरात तिचं नाव निघत नाही. आपण बाप्तिस्मा घेतलेली माणसं ना? मग त्या पाण्याने धुतलं काय, नुसतं डोकं?

दुसरा घाणा डब्यात भरून मी आठच्या एस.टी.ने चोपड्याला अक्काकडे चालले आहे. माफी मागेन, पण ती माझ्यापुरतीच. उद्या अक्का आणि दाजी उपासनेला माझ्याबरोबर पहिल्या बाकावर बसतील. लूकचा दुसरा अध्याय तूच वाचणार आहेस. पृथ्वीवर शांती म्हणायची ओळ आली की नजर पुस्तकात ठेवू नकोस. अक्काकडे बघून वाच.

रोदा