साखरपुड्याच्या स्कार्फची लेस

१० नोव्हेंबर, सोमवार. रहाटणी
आमच्या लेकीचा, वर्षालीचा साखरपुडा येत्या रविवारी. काल होणाऱ्या विहीणबाई, यशोदाबाई, दापोडीहून आल्या होत्या. तीस वर्षं शिवणक्लास चालवतात. बोलता बोलता मी एवढंच म्हणालो, की जन्मभर संस्कृत व्याकरण शिकवलेल्याला शिवण म्हणजे विरंगुळा. त्यांनी शांतपणे पिशवीतून रेशमी स्कार्फ काढला. म्हणाल्या, सर, सुनेला हा मी घालणार, पण लेस माहेरच्या हातची हवी. तुम्हीच लावा की. सगळे हसले. मीही हसलो. आमच्या सौ., स्नेहल, हसल्या नाहीत.

११ नोव्हेंबर, मंगळवार
पिंपरी मार्केटातून लेस आणली. संकल्प : रोज पाऊण तास, गुरुवारी समाप्ती.
दुपारी ४ : सुईत दोरा ओवणे.
४.४० : तेच. सुईचं भोक हल्ली फार लहान ठेवतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार
यूट्यूबवरच्या बाई फार हळू शिकवतात. दोन मिनिटांत बंद केल्या. स्कार्फ मांडीवर पसरून वीतभर लेस लावली. टाके सामासिक शब्दासारखे घट्ट. तेवढ्यात बेल. मी उठलो, तर स्कार्फही उठला. पायजम्याला शिवला गेला होता. दारात शेजारच्या शालनबाई. आमची सोसायटी त्यांच्याच शेतावर उभी आहे, त्यामुळे त्या आत यायला थांबत नाहीत. गुडघ्याकडे बघून म्हणाल्या, व्हय सर, साखरपुडा तुमचाच हाय का? मी म्हणालो, ट्रायल चालू आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
उसवली. रेशमावर भोकांची रांग राहिली. रांग सरळ आहे, याची कोणी दखल घेत नाही. पुन्हा लावली. आता चुण्या पडतात. स्कार्फ तव्यावरच्या पापडासारखा वर वळतो. स्नेहल म्हणाली, अहो, यशोदाबाईंना फोन करा, सरळ कबूल करा, पोरीच्या कार्यात हट्ट कसला? मी म्हणालो, हट्ट नव्हे, प्रतिष्ठा.
माणच्या ऑफिसातून वर्षालीचा मेसेज : बाबा, जपून. त्यांनी स्वतःच्या लग्नाचा शालू कापून केलाय तो.
हे आधी सांगायला हवं होतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
धोरणात बदल. काळेवाडीच्या रस्त्याला स्वप्नाली नावाच्या मुलीचं टेलरिंगचं दुकान आहे. तिला सांगितलं, आमच्या एका सहकाऱ्याने बिघडवला. तिने भोकांवरून बोट फिरवलं. म्हणाली, काका, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही, आमच्या मॅडमकडून करून आणते. मी म्हणालो, कोणीही करा, फक्त बोलू नका. हलकं वाटतंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार
स्कार्फ आला. भोकं लेसखाली गडप. एक टाका दिसेल तर शपथ. दुपारच्या चहापर्यंत मला पटलं, की पाया मीच घातला होता, वरचं बांधकाम तेवढं दुसऱ्याचं.

१६ नोव्हेंबर, रविवार
यशोदाबाईंनी वर्षालीच्या खांद्यावर स्कार्फ घातला आणि माइक घेतला. म्हणाल्या, ही लेस आमच्या व्याह्यांनी स्वतःच्या हातांनी लावली. टाळ्या. मी उठून नमस्कार केला. दोनदा. मग म्हणाल्या, असा हात घरात असताना बाहेर कशाला जायचं, लग्नातल्या रुखवताचं सगळं शिवणकाम सरांकडेच. पुन्हा टाळ्या.
पंगतीत वर्षाली शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, बाबा, स्वप्नाली त्यांच्याच क्लासची. परवा त्यांनी दोन बॅचेस रद्द केल्या आणि रात्री उशिरापर्यंत बसून ती लेस लावली. तुमचं हसं होऊ नये म्हणून.
मी माझी जिलेबी तिच्या पानात सरकवली.
निघताना यशोदाबाईंना विचारलं, रुखवताचं ते गमतीत ना? म्हणाल्या, छे हो. मंगळवारी चारला नवशिक्यांची बॅच सुरू होते, तुमचं नाव घातलंय. पहिले पंधरा दिवस कापड मिळणार नाही. रद्दीच्या कागदावर शिवायचं.