धाकटी दीर्घिका

मुळगाव,
३ ऑगस्ट २०२५

चि. साईश यास दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझ्या प्राजक्तावहिनीचा गुडघा बरा झाला, म्हणजे ती पुन्हा पूर्वीच्याच वेगाने माझ्या मागे लागली आहे. मोरजीचे नवे घर गळत नाही ना? सौ. सेजल बरी आहे ना? फोनवर माझा आवाज चढतो हे तुला ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

शाळेत परवा नववीला दीर्घिका शिकवल्या. मोठ्या दीर्घिकेभोवती लहान दीर्घिका फिरतात. एखादी फार जवळ गेली की थोरली तिच्यातला वायू ओढून घेते. वायूच नाही तर नवे तारे घडणार कशातून? जुनेच तेवढे मिणमिणत राहतात. जेवताना हे मी मोठ्या रुबाबात तुझ्या वहिनीला सांगितले. पानात खतखते वाढत ती म्हणाली, "आनी तुमी वेगळें कितें करतात? साईशाक तरी खंय सोडटात?"

म्हणजे तुला तरी मी कुठे मोकळा सोडतो!

यंदा चवथीला मोरजीत आपला वेगळा गणपती आणू का, असे तू जूनमध्ये विचारलेस. मूळ घरचा देव वाटून घेता येत नाही, म्हणालो आणि फोन ठेवला. पूर्वजांना उगाच पुढे केले. खरे सांगू? देवाच्या डोक्यावरची रानफळांची माटोळी दरवर्षी तू बांधतोस. रानातली कांगलां, आंबाडे तूच शोधून आणतोस. मला ती कुठे मिळतात तेही ठाऊक नाही. तू नसलास तर चवथीला हे घर खायला उठेल, याची मला भीती वाटली रे.

वहिनीला एक गोष्ट सांगायची राहिली. आपल्या आकाशगंगेभोवतीची एक धाकटी दीर्घिका तिलाही थोडी हलवते. धाकट्याचीही ओढ असतेच. ती आम्हाला जाणवणार, जाणवू दे.

गणपती आण. देवाला मी कालच गाऱ्हाणे घालून तसे सांगितले. इथली माटोळी यंदा माझ्या हातची, वाकडी का होईना. आपला गणपती दीड दिवसाचा, तुझा मात्र पाच दिवसांचा असू दे. इथले विसर्जन आटोपून तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे मोरजीला पोचतो. तू सांगशील त्या पाटावर बसेन आणि कशातही नाक खुपसणार नाही. निदान आरती होईपर्यंत.

तुझ्या घरच्या चवथीचा पाहुणा,
गौरेशदादा