जास्तीचं क्लोराइड

भांडुप,
७ जानेवारी २०२४

चि. दीप्तीस, सप्रेम जय भीम व आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलावं तर तुझी काकी शेजारीच असते, म्हणून पत्र. तिला माझी किडनी द्यायचं ठरलं, सगळं जुळलं आणि माझ्याच रक्तात क्लोराइड जास्त निघालं! का, ते कुणालाच कळेना. डॉक्टरांनी सगळं थांबवलंय. डायलिसिसवरून आली की ती भिंतीकडे तोंड करून पडते. मला बघवत नाही. तू क्लोराइड मोजायचे पडदे बनवतेस ना? मग ते खाली कसं आणायचं सांग. मीठ सोडलंय, घास उतरत नाही. तुझ्या लग्नाचं विचारत नाहीये, तेव्हा उत्तर तरी लवकर पाठव.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा,
धम्मपालकाका

कांदिवली,
१२ जानेवारी

ती. काकांस, सविनय जय भीम. वि. वि.

लग्नाचं विचारलं नाहीत, उपकार झाले! मीठ सोडून काही होणार नाही. माझा पडदा म्हणजे इलेक्ट्रोडच्या टोकाला बसवलेली प्लास्टिकची पातळ चकती. तिनं फक्त क्लोराइड ओळखायचं. पण रक्तात ॲस्पिरिनचा अंश असला, की ती तोही क्लोराइड म्हणूनच मोजते. वर्षभर त्यावरच डोकं आपटतेय. काही लॅबच्या यंत्रांतही असेच पडदे असतात.

मला तुमचे दुखरे गुडघे आठवले. काका, गोळ्या घेता का? डॉक्टरांपासून लपवल्यात का? माझी झोप उडालीय. आकडा खोटा असेल, तर काकी उगाच ताटकळतेय. खरा असला, तरी डॉक्टरांना गोळ्यांचं कळायलाच हवं. पण आधी काकीला सांगा.

रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची,
दीप्ती

भांडुप,
४ फेब्रुवारी

चि. दीप्तीस, जय भीम व खूप आशीर्वाद. वि. वि.

तुझे काका लिहायला बसले होते, मीच त्यांच्या हातून पेन काढून घेतलं. सांगितलं ह्यांनी मला. गुडघे दुखतात म्हटलं तर डॉक्टर म्हातारा म्हणून नापास करतील, म्हणून चोरून मूठमूठ गोळ्या! मी खूप बोलले. डॉक्टरही बोलले. गोळ्या बंद करून रक्त पुन्हा तपासलं, तर क्लोराइड बरोबर आलं. किडन्याही चांगल्या आहेत. हे नुसते खूश.

मी मात्र घाबरलेय गं. आकडा वाईट होता तोवर मला काही बोलावं लागत नव्हतं. तुमची किडनी नको, हे ह्यांना तोच माझ्या वतीनं सांगत होता. चांगल्या माणसाला माझ्यासाठी कापायचं, हे मनाला पटतच नाही. तुझ्यावरसुद्धा चिडले होते मी, खोटं कशाला बोलू? पण मला जगायचंय, तेही खरं.

मंगळवारी ऑपरेशनच्या संमतीवर सही करायला जातेय. तू ये. माझा हात मागे आला, तर धर.

तुझी माया हवीच आहे.

तुझी,
जयाकाकी